देवीचं तोंड कुणीकडे?

कमळाकर गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला, आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन झालं होतं, तो शुद्धीवर आला होता, बायकोला म्हणाला होता, "आईला कळव, चहाचा घोट घेतला म्हणून." मग ताप चढला आणि तो उतरलाच नाही... त्या दिवशी मला रडू आलं. पण पुढच्या काही आठवड्यांत त्याच्याबद्दल जे ऐकलं, त्याने ते रडू आटून गेलं आणि नुसती किळस उरली. हा लेख त्या किळसेपोटीच लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे. कमळाकरबद्दल गोड लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण आधी लोकांनी त्याच्या अंगावर टाकलेली घाण धुतली पाहिजे.

खाडीपलीकडच्या आमच्या गावातून पनवेलच्या कॉलेजात आम्ही दोघं बरोबरच आलो. माझ्या घरात माझ्याआधी कुणाला सही येत नव्हती, सगळे अंगठे. त्याच्याकडेही तेच. मी हे लाजून नाही, छाती काढून सांगतो. दोघंही सायन्सला, दोघंही पास झालो. मी पनवेलला विज्ञान शिकवायला लागलो, तो तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट झाला. तिथल्या प्रयोगशाळेत तो एक गोष्ट शिकला आणि ती त्याच्या हाडात मुरली. तपासायचा नमुना यंत्रात घालण्याआधी, ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे असा नमुना घालायचा. यंत्र तिथे बरोबर बोललं तरच पुढचं ऐकायचं. याला तो 'माहितीतला प्रश्न' म्हणायचा, आणि हा माहितीतला प्रश्न तो जगात सगळ्यांना विचारत सुटला होता. मासळी बाजारात उरणच्या कोळणीसमोर बसला की आधी तराजू रिकामा उचलायला लावायचा. ती ओरडायची, "काय रं शिकलेल्या, रिकामं पारडं काय बगतंस? वारा इकत घ्यायचाय का?" हा शांतपणे म्हणायचा, "मावशी, वारा पापलेटाच्या भावाने लावतेस का, तेवढंच बघतो." आजूबाजूच्या बायका हसायच्या, तीही हसायची, आणि वर दोन बोंबील जास्त टाकायची.

आमच्या गावदेवीला कौल लावतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गुरव देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग देवीला प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, नवी होडी, सगळं या दोन पाकळ्यांवर. कमळाकरला नोकरी लागली त्या वर्षी त्याची आई, आमची जनाकाकी, त्याला घेऊन कौल लावायला गेली. नोकरी लाभेल का, हे विचारायचं होतं. देऊळ माणसांनी भरलेलं. गुरवाने विचारलं, "काय घालू देवीला?" कमळाकर म्हणाला, "आधी विचारा, माझं नाव कमळाकर हाय का?"

गुरवाला वाटलं, पोरगा लाजतोय. त्याने घातला प्रश्न. आम्ही सगळे टक लावून बसलो... आणि डावी पडली. म्हणजे नाही. देवीच्या मते त्याचं नाव कमळाकर नाही. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "तुज्या आयला इचार, तिला ठाव आसंल!" आणि देऊळभर हशा फुटला. गुरव संतापला. कमळाकर मात्र हसला नाही. त्याने देवीला मनापासून हात जोडले, डोकं टेकवलं आणि म्हणाला, "देवीला आज कंटाळा आलाय. उद्या येऊ." घरी जाताना जनाकाकीने त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

मला कळेना. मी त्याला विचारलं, "तूच तिला खोटी पाडलीस आणि तूच डोकं टेकवतोस? लाज नाही वाटत?" मी देव मानत नाही. कधी मानणं सोडलं तेही सांगता येणार नाही. एका दुपारी देवळासमोरून जाताना आत काही नाही असं वाटलं आणि ते तसंच राहिलं. त्यावर त्याने मला जे ऐकवलं ते मी जन्मात विसरणार नाही. "मास्तर, तुला नास्तिकपणा अंगात येतो. येतो आणि घुमायला लागतोस. पाकळी कशाने पडते ते मी बघितलंय. पाणी किती लागलं, गुरवाचा अंगठा किती दाबला, बास. पण यंत्र बिघडलं म्हणून कारखानाच नाही, असं मी कसं म्हणू? मी विचार करत जातो. जिथवर सुटतं तिथवर सोडवतो. उरतं तिथे हात जोडतो. तू तर काही सोडवतच नाहीस, आधीच उठून जातोस." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. राग याचा, की तो बरोबर होता. आमच्या दोघांत विचार करणारा तो होता आणि श्रद्धा त्याची होती. मला नुसतं वाटलं होतं, आणि मी नास्तिक होतो.

पोटात दुखायला लागलं तेव्हा तो पनवेलमधल्या एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने पित्त म्हणून गोळ्या दिल्या. दुखणं वाढलं, गोळ्या वाढल्या. उन्हाळा गेला, पाऊस सरत आला, तो रजा टाकून घरी बसला, आणि तरी पित्तच. मी म्हणालो, "अरे, दुसऱ्या कुणाला दाखव." तर म्हणाला, "परदेशातली पदवी आहे त्यांची, भिंतीवर लावलीय." जगात सगळ्यांना माहितीतला प्रश्न विचारणाऱ्या माणसाने तो एवढ्या एका ठिकाणी विचारला नाही. गावदेवीला विचारला, कोळणीच्या तराजूला विचारला, आणि काचेत मढवलेल्या कागदासमोर मान खाली घातली. आमच्यासारख्या शिकलेल्या पहिल्या पिढीच्या माणसांचा खरा देव कुठे बसलेला असतो, हे मला तेव्हा कळलं. शेवटी मीच त्याला मुंबईला नेलं. तिथे आतली गाठ निघाली आणि ऑपरेशनची तारीख मिळाली.

ऑपरेशनला निघायच्या आदल्या संध्याकाळी जनाकाकी म्हणाली, "कौल लावल्याबिगर मी धाडनार नाय." कमळाकर म्हणाला, "चल." त्याच वेळी त्याच्या प्रयोगशाळेचे साहेब त्याला भेटायला नव्या पनवेलहून आले होते. गंमत बघायला म्हणून तेही देवळात आले आणि मागे उभे राहिले. या वेळी त्याने नावबीव काही विचारलं नाही. आईनेच प्रश्न घातला, "माज्या पोराला मुंबईला धाडू का?" उजवी पाकळी पडली. काकीने पदराने डोळे पुसले. सकाळी उजाडता उजाडता आम्ही जीपने निघालो. कौलापायी एक तासही वाया गेला नाही. तेवढं लक्षात ठेवा.

आता शोकसभेचं. पनवेलच्या एका हॉलमध्ये भरली. चांगले कपडे घातलेली, वाचणारी, बोलणारी माणसं. भाषणाआधी चहा-बिस्किटं वाटली. मग साहेब उठले. म्हणाले, जगात माणसं दोन जातींची, विचार करणारी आणि नुसतं वाटणारी. विचार करणाऱ्याचा देव आपोआप सुटतो. कमळाकरचं डोकं प्रयोगशाळेत तयार झालं होतं, पण शेवटच्या घटकेला त्याच्यातलं गाव जिंकलं. "मी स्वतः देवळात होतो. या डोळ्यांनी पाहिलं. डावी पाकळी पडली. देवीने नकार दिला, म्हातारी आई आडवी आली, आणि असल्याच कौलांपायी एक हुशार माणूस महिनोन् महिने घरात कुजला." लोक चुकचुकले. आणि पहिल्या रांगेत कोण मान हलवत होतं? तोच पित्ताच्या गोळ्यांचा डॉक्टर. हातातलं बिस्कीट चहात बुडवून. त्याचा अर्धा तुकडा कपात गळून पडला, तो त्याने बोटाने काढून खाल्ला आणि पुन्हा मान हलवली.

मी उठलो. म्हणालो, "साहेब, देवीचं तोंड कुणीकडे होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे देवी तुमच्याकडे तोंड करून बसते. तुमच्या डाव्या हाताची पाकळी पडली, ती देवीची उजवी. देवी 'जा' म्हणाली. आणि महिनोन् महिने तो घरी कुणामुळे बसला, ते पहिल्या रांगेत विचारा."

मग साहेब गोड हसून म्हणाले, "म्हणजे तुमचाही विश्वास आहे तर!" आणि सगळे हसले. डॉक्टरही. डावं-उजवं सांगितलं म्हणून मी देवभोळा ठरलो, आणि आयुष्यभर विचार केलेल्या माणसाबद्दल विचार न करता बोलणारे विचारवंत ठरले! समोरच्याची उजवी बाजू कुठली, हे शाळेत माझा पाचवीचा पोरगासुद्धा सांगतो.

गावाने तरी काय वेगळं केलं? गावाला डावं-उजवं बरोबर कळत होतं, म्हणून त्यांची अडचण दुसरी झाली. देवी जा म्हणाली, मग मेला कसा? दहाव्याला, काकी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असताना, एक म्हातारा मिशी पुसत म्हणाला, "नाव इचारून देवीची परीक्षा घेतली होती ना त्यानं. घेतलान तिनं सूड." इकडचे म्हणतात, देव मानला म्हणून मेला, तिकडचे म्हणतात, नीट मानला नाही म्हणून मेला. दोन्हीकडे कमळाकर कुणालाच नको होता. उबग आला मला दोन्हींचा.

पण खरा घाव बसला तो जनाकाकीला. कारखान्यातल्या गावच्याच एका माणसाने साहेबांचं भाषण तिला येऊन सांगितलं. मी गेलो तर ती चुलीपाशी बसलेली, चूल थंड. म्हणाली, "मीच मारलं रं बाला त्याला."

"काकी, उजवी पडली होती. मी होतो तिथं."

"साहेब शिकलेला मानूस, त्यो कशाला खोटं बोलंल? मना आता नीट दिसत नाय. डावीच आसंल. देवी नको म्हनत व्हती आन् मी धाडला."

"मी शिकलेला नाय का?"

"तू दोस्त हायस त्याचा. तू बरंच बोलनार."

तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं त्या साहेबाच्या एका वाक्याने पुसलं होतं. मी पुष्कळ समजावलं. ती ऐकेना. शेवटी म्हणाली, "मी देवीलाच इचारते. मीच मारलं का म्हनून." गुरवाचा अंगठा, पाण्याचा थेंब, कशानेही उजवी पडली असती, तर ही बाई उरलीसुरली संपली असती. अडवलं असतं तर माझ्यावाचून गेली असती. म्हणून मी, देव न मानणारा, तिच्याबरोबर गेलो.

गेल्या आठवड्यातली ही गोष्ट. दुपारची वेळ, देवळात आम्ही तिघंच. गुरवाने पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या आणि विचारलं, "काय घालू?" काकी तोंड उघडणार, तोच थांबली. पाकळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी इचार, माज्या पोराचं नाव कमळाकर व्हतं का?"

गुरवाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्याने घातला प्रश्न.

डावी पडली. देवीची डावी.

गुरव चाचरला. "आता... दुसरं काय इचारायचं व्हतं ना तुला?"

"हिला माज्या पोराचं नाव ठाव नाय," काकी म्हणाली, "हिला पुडचं काय इचारू?" एवढं बोलून ती उठली. तिने देवीला हात जोडले, डोकं टेकवलं, अगदी त्याच्यासारखं, आणि माझा खांदा धरून पायरी उतरताना मागे वळून गुरवाला म्हणाली, "कंटाळा आलाय तिला आज. उद्या येऊ."