अकरा आणि बारा नंबरचे बोल्ट

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं; शिकलेही जेमतेमच. पण जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन शर्यतीसाठी पुन्हा बांधावं तर त्यांनीच, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचा एक नियम होता. पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला ज्या बोल्टांनी धरलेला असतो, त्यातला प्रत्येक बोल्ट जोर मोजणाऱ्या मापाच्या पान्याने आवळायचा आणि आवळला की लगेच त्यावर पिवळा ठिपका द्यायचा. आधी पाना, मग रंग. यात ते कोणाचंही ऐकत नसत.

चाळीस वर्षं पाळलेला हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तोही फोटोसाठी.

तीन वर्षं झाली. दातांच्या डॉक्टर असलेल्या एका बाईंची गाडी आली होती. सहा सिलिंडरची, लाल, त्यांच्या वडिलांनी तरुणपणी शर्यतीत पळवलेली. इंजिन उलटं टांगून मास्तर बोल्ट आवळत होते, तेवढ्यात मोटारींच्या एका मासिकाचा फोटोग्राफर आला. "सगळ्या बोल्टांवर ठिपके असते तर फोटो काय उठून दिसला असता," तो म्हणाला. मास्तर चढले हरभऱ्याच्या झाडावर. पाना दहाव्या बोल्टवर तसाच ठेवून त्यांनी अकराव्या-बाराव्यालाही रंग लावला. फोटो झाला, चहा झाला, भरपूर कौतुक झालं. परत येऊन बघतात तर बाराही ठिपके जागच्या जागी. मास्तरांनी झाकण बसवून टाकलं.

टेस्ट बेंचवर इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांना पोचलं आणि अकराव्या-बाराव्या बोल्टांचा शेवटचा दांडा इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला. डॉक्टरबाई तिथेच उभ्या होत्या. मास्तरांना त्या क्षणी सगळं कळलं होतं. तरी तोंडातून निघालं, "शाफ्टच्या ग्राइंडिंगमध्ये काहीतरी राहिलं असणार." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ग्राइंडिंग, म्हणजे शाफ्ट घासून मापात आणायचं काम, केलं होतं त्यांच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. खापर फुटलं तरी तो भांडला नाही. "तो शाफ्ट मला द्या," एवढंच म्हणाला आणि शर्यतीची कामं घेणं बंद केलं. आता तो पाण्याच्या पंपांची कामं करतो. मास्तर मूग गिळून बसले. मासिकातला फोटो मात्र बायकोने हौसेने मढवून जेवणाच्या टेबलासमोर लावला. पाना दहाव्यावर, रंग बाराव्यापर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात काय कळणार? पण चोराच्या मनात चांदणं. मास्तर फोटोकडे पाठ करून जेवायला बसत आणि विचारलं तर म्हणत, इकडे वारा बरा लागतो.

परवा डॉक्टरबाई पुन्हा आल्या. खूप शोधून त्यांनी दुसरा ब्लॉक मिळवला होता. "इंजिन तुम्हीच बांधा," त्या म्हणाल्या, "फक्त शाफ्ट तुमच्या मेहुण्यांकडे देऊ नका." मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. बाई गेल्या आणि मास्तरांना त्या मान हलवण्याची इतकी लाज वाटली की हातात पाना धरवेना. ते तडक घरी गेले. बायको बाहेर गेली होती. त्यांनी फोटो उतरवला, टॉवेलात गुंडाळला आणि मेहुण्याचं दुकान गाठलं.

दुकानात समोरच्याच फळीवर तो शाफ्ट होता, शेवटच्या दांड्याच्या जागी ओरखडलेला, पण तेल लावून नीट ठेवलेला. शेजारी एक वही.

"रविवारी मोजत बसतो," मेहुणा ओशाळून म्हणाला. "अजून चूक सापडत नाही, भावजी. पण तुम्ही म्हणालात म्हणजे असणारच कुठेतरी."

मास्तरांना वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. त्यांनी टॉवेल सोडून फोटो पुढे केला. "पाना कुठे आहे बघ. आणि रंग कुठवर गेलाय ते बघ."

मेहुण्याने बोटाने बोल्ट मोजले. मग पुन्हा मोजले.

"म्हणजे शाफ्ट बरोबर होता?"

"बरोबर होता."

मेहुण्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो चक्क आनंदला होता, आणि तो आनंद मास्तरांना बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर त्या सोसल्या असत्या. मग हळूहळू तो आनंद मावळला. मेहुण्याने वही मिटली.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"तेव्हाच."

त्याने हात पुसले. "डॉक्टरबाईंना तुम्ही सांगायचं," तो म्हणाला. "पण आधी ताईला सांगा. तीन वर्षं ती माझ्याशी जपून बोलते. मला वाईट वाटू नये म्हणून शाफ्टचा विषयच काढत नाही."

मास्तर घरी आले तेव्हा बायको भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती. "पुसायला नेला होतात होय?" तिने फोटो हातातून घेतला आणि पदराने काच पुसू लागली. "किती छान दिसता यात तुम्ही."

"लावू नकोस तो," मास्तर म्हणाले. "बस जरा. तुझ्या भावाबद्दल बोलायचंय."