मेंढी बसेल ते घर

आमच्या सासरी मुलगी बघायला चार माणसं जात आणि जागा बघायला एक मेंढी. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी हसले असते, कारण तोवर कळप विकून झाला होता, नवरा वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर लागला होता आणि मेंढरांच्या नावाने घरात एकच म्हातारी काळी मेंढी उरली होती. ती सासूबाईंची. त्यांचा जेवढा विश्वास तिच्यावर होता तेवढा माझ्यावर नव्हता. हे मी रागाने नाही, जसं होतं तसं सांगते. थोडं रागाने.

राहायला आम्ही फुलंब्रीच्या पलीकडे एका खेड्यात. तिथून नवरा मोटारसायकलवर निघायचा, हर्सूलवरून शहरात शिरायचा आणि अख्खं शहर ओलांडून वाळूज गाठायचा. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. पाळी सुटली की तोच रस्ता उलटा. एका सकाळी रात्रपाळीवरून येताना सावंगीजवळ त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून खाली उतरली. दारात आला तेव्हा एक बाही रक्ताने हाताला चिकटली होती, आणि हा हसत होता. "काय नाय, जरा झोप लागली व्हती," म्हणाला.  तेव्हापासून रोज अंगणात उभी राहून मी गाडीच्या आवाजाकडे कान लावायची. आमची लेक नुकती पाऊल टाकायला लागली होती. तिला बाप हवा होता. मी ठरवलं, शहरात बिऱ्हाड करायचं, मग ते कसंही असो.

नवऱ्याची ना नव्हती. पण मायला गावात एकटं टाकून तो येणार नव्हता. आणि सासूबाई म्हणाल्या, "येते की. म्या कुठं नाय म्हनले? मेंढी बसंल तितं येते."

त्यांची रीत अशी होती. कळप नव्या रानात शिरला की पुढची जुनी मेंढी आधी आत सोडायची. तिने गुडघे मोडले आणि रवंथ सुरू केलं की वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायचं. ती उभीच राहिली तर अंधार पडो की पाऊस पडो, पुढे चालायचं. ही रीत एकदाच मोडली होती. सासूबाई तेव्हा माझ्याहून लहान होत्या. कळप गंगथडीला, गोदावरीकाठच्या रानांकडे उतरत होता. मेंढरं बसली की शेताला खत मिळतं, म्हणून एका शेतकऱ्याने रान देऊ केलं होतं. मेंढी काही बसेना. पण आभाळ फाटलेलं, म्हणून सासऱ्यांनी तिथेच वाघर लावली. त्या रात्री सासूबाईंची पहिली लेक, तान्ही, पावसात गारठून गेली. सकाळी तिला बांधाजवळ पुरलं आणि कळप पुढे निघाला. कळप थांबवून ठेवता येत नाही. "नाव बी ठिवलं नव्हतं," एवढंच त्या म्हणायच्या. हे ऐकल्यावर मेंढीला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. पण मनात मी म्हणत होते, रान वेगळं आणि भाड्याच्या दोन खोल्या वेगळ्या.

पहिलं घर उस्मानपुऱ्यात पाहिलं. ते माझ्या मनात भरलं होतं. शाळा जवळ, बाजार जवळ, कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची आणि नळाला पाणी. दुकानाच्या वर दोन खोल्या. मावसदिराच्या टेम्पोतून मेंढी आणली आणि नवऱ्याने ती खांद्यावर टाकून जिना चढवली. घरमालक म्हातारे, अदबीचे. "अम्मा, ये बकरी कायकू लाए?" त्यांनी विचारलं. "बकरी न्हवं, मेंढी हाय," सासूबाई म्हणाल्या, जणू सगळं सांगून झालं.

मेंढी खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि एका मोकळ्या भिंतीकडे बघत बसली. बसली म्हणजे बघत राहिली. कान पुढे, मान ताठ. त्या भिंतीवर खिळासुद्धा नव्हता. मग तिने पुढचा पाय आपटला. लांडगा दिसला की मेंढी तसा पाय आपटते, एवढं मलाही माहीत होतं. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "उधर मेरी बहन का पलंग था," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "बहोत दिन बीमार थी." कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "चला."

टेम्पोत मी तणतणले. म्हटलं, शहरात कुठल्या घरात कुणी मेलं नाही ते दाखवा, मी तिथे जाते. म्हणून मग सिडकोत कोरं घर पाहिलं. तिथे कुणी जन्मलंही नव्हतं. रुंद रस्ते, ओळीने घरं, चुन्याचा वास. पाणी एक दिवसाआड, पण स्वच्छ. मेंढी उंबऱ्यावर अडली. ओढून आत घेतली तर ती भिंतीला अंग घासत खोलीभर फिरली, पण मधून एकदाही गेली नाही. नवऱ्याने दोर मधून ओढला, तिने चारी पाय रोवले. मला राग आला. मी जाऊन मुद्दाम मधोमध उभी राहिले, म्हटलं बघा, काय होतंय मला? चैत्राचं ऊन होतं, दारं-खिडक्या बंद, खोली तापलेली. आणि माझ्या पायांना खालून गार लागत होतं, नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखं. मी वाकून हात लावला नाही. कुणी न सांगता बाजूला झाले आणि घराबद्दल पुन्हा बोलले नाही.

हर्सूलचं घर स्वस्त होतं. निम्मा रस्ता वाचला असता, पण निम्माच. शहरातली गर्दी आणि वाळूजचे ट्रक नवऱ्याच्या नशिबी राहिलेच असते. तरी मी म्हटलं, उडदामाजी काळे-गोरे निवडायला आता वेळ नाही. मागे न्हाणीघर, पुढे ओटा, पेरूचं झाड. मेंढी आत गेली आणि एकदाच ओरडली. मागच्या खोलीतून तिला उत्तर आलं. बारीक, कोकराचं. मला बरं वाटलं, शेजारी मेंढरं असतील तर सासूबाई रमतील. मी बघायला गेले. मागची खोली रिकामी, तिला खिडकीही नव्हती; बाहेरून वळसा घातला तर पलीकडे कोकरू नाही, नुसता विहिरीचा खड्डा होता, दगड भरून बुजवलेला. परत आले तेव्हा मेंढी दाराबाहेर होती आणि सासूबाईंनी तिच्या डोळ्यांवर पदर धरला होता.

त्यानंतर मी घरं बघायचं सोडलं आणि मेंढीकडे बघायला लागले. रात्री ती दावणीला रवंथ करत असली की मला झोप यायची, थांबली की जाग यायची. माझ्यासारखी दहावी पास बाई! पण एकीकडे हे, आणि दुसरीकडे नवरा वाळत चाललेला. जेवताना घास हातात धरून झोपायचा. एकदा यायला उशीर झाला आणि मी लेकीला काखेत घेऊन पार डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेले. तो आला तो गाडी ढकलत. पंक्चर होती. मी तिथेच रस्त्यात मांडी घालून रडले.

त्या दिवशी बहुधा त्याच्याही मनाने घेतलं. वाळूजला कारखान्यांच्या मागे एका शेतकऱ्याने उरल्यासुरल्या रानात भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. खरं सांगायचं तर आधीच्या तिन्ही घरांपुढे ते घर काहीच नव्हतं. पाणी टँकरचं, धूळ घरभर, हवेत तेलाचा वास, शाळा लांब, आणि रस्त्याच्या कडेला अजून साप निघायचे. पण कारखान्याचा भोंगा तिथून ऐकू यायचा. नवरा पायी जाऊ शकला असता.

मेंढी घेऊन निघालो तेव्हा टेम्पोत तो माझ्या कानाशी लागला. "माय बसंल आता. मेंढी बी बसंल." आदल्या दिवशी कामावर जाताना त्याने आमच्या गोठ्यातल्या लेंड्यांचं पोतं नेलं होतं, पुढच्या खोलीत पसरलं होतं, पायाने तुडवलं होतं आणि मग झाडून काढलं होतं. वर मिठाचं पाणी शिंपडलं होतं. स्वतःचा वास आला की मेंढी बसते. धनगराच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. कितीतरी दिवसांनी मी तोंडाला पदर लावून हसले. सासूबाई पुढे बसल्या होत्या, मेंढीच्या पाठीवर हात ठेवून.

दार उघडलं. मेंढी पुढच्या खोलीत शिरली, तिने फरशी हुंगली, थोडं मीठ चाटलं. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने डोळे मिचकावले. मग मेंढीने मान वर केली आणि ती सरळ आत निघून गेली. मागची खोली, उजवीकडचा कोपरा. तिथे तिने गुडघे मोडले, अंग भिंतीला लावलं आणि डोळे अर्धे मिटून रवंथ सुरू केलं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "आत म्या काय टाकलं नाय गं," तो हळूच म्हणाला. "आत म्या गेलोबी नव्हतो. कुलूप व्हतं."

मला वाटलं सासूबाई देवाचं नाव घेतील, खूश होतील. त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या. कारखान्यांच्या पत्र्यांवरून लांब डोंगराची ओळ दिसत होती, तिच्याकडे त्या ओळख पटवावी तशा बघत होत्या. मग त्यांनी घरमालकाला विचारलं, "हितं आधी काय व्हतं?"

"रान व्हतं आमचं, बाप करायचा," तो म्हणाला. "गंगथडीला जानारे धनगर बसवायचा तो पावसाळ्याच्या टायमाला. लई खत पडायचं."

"बांध?"

"बांध ह्याच भिंतीखाली गेला की, मावशे."

सासूबाई तशाच मागे वळल्या. आत आल्या, मेंढीशेजारी फरशीवर बसल्या आणि हात फरशीवर फिरवू लागल्या, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. कळपाने मागे टाकलेला तो बांध हाच, हे मला कळलं. नवरा म्हणाला, "माय, चल. दुसरं बघू." तो खरंच दुसरं बघणार होता. म्हणजे पुन्हा तो रस्ता, ते ट्रक, तो पेंगुळलेला परतीचा प्रवास. मला ओरडावंसं वाटलं. आणि त्याच वेळी हेही वाटलं, की नको, इथे नको, माझी लेक इथे नको.

"तवा मेंढी बसली नाय, कारन तवा माजी लेक जित्ती व्हती," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे न बघता. "मेंढी कोकरापाशी बसती. आता बसली."

निघायची वेळ झाली तरी मेंढी उठेना. नवऱ्याने उचलायला हात घातला तेव्हा सासूबाईंनी तो बाजूला केला. "ऱ्हाऊ दे. मीबी ऱ्हाते. तुम्ही सामान आना." रिकाम्या घरात, अंथरूण नाही, दिवा नाही. समजावून थकलो. शेवटी घरमालकाच्या बायकोकडून एक घोंगडी आणि तांब्याभर पाणी मागून त्यांच्याजवळ ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नवरा रात्रपाळी करून गावी आला आणि आम्ही तसंच सामान भरलं. टेम्पोत मी, लेक, ट्रंका, जातं. मागून तो मोटारसायकलवर. मी पूर्ण रस्ता मागे तोंड करून बसले होते, त्याचा डोळा लागतोय का ते बघत. सावंगीजवळ एकदा त्याची मान झुकली. मी टेम्पोच्या फळीवर ट्रंकेचं कुलूप आपटलं, तो जागा झाला, हसला.

सासूबाई दारात बसल्या होत्या. डोक्यावरून पाणी घेऊन, केस विंचरून. मी त्यांना कधी इतक्या निवांत पाहिलं नव्हतं.

"झोप लागली का, आत्याबाई?"

"लागली की," त्या म्हणाल्या. "रातभर येकदाबी रडली नाय."

नवऱ्याने जातं खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि आत नेलं.  थोड्या वेळाने पाहिलं तर तो गहू भरलेल्या पोत्यावर बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं, जखमेच्या हाताची बाही वर गेलेली. खूण अजून लाल होती. मी उस्मानपुऱ्याच्या नळाचा विचार केला, सिडकोच्या रुंद रस्त्यांचा केला. टेम्पो अजून दारात उभा होता. सामान परत चढवता आलं असतं. मला भीती वाटत होती, आजही लिहिताना वाटते. पण त्या झोपलेल्या माणसाकडे बघून मी टेम्पो सोडून दिला.

दिवेलागणीला लेक पेंगायला लागली. "हिला कुठं निजवू?" मी विचारलं. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मानेने मागच्या खोलीकडे खूण केली.

"तितंच की. दोघींना जागा हाय."

मी लेकीला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिले. नवरा जेवून, डबा हातात घेऊन पायी निघाला. मोटारसायकल भिंतीला लावलेली होती. खांबाच्या उजेडातून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते, आणि आता कुठल्याच आवाजाकडे कान लावायचा नाही हे अंगात मुरायला मला वेळ लागला. मग मी आत गेले, कोपऱ्यात गोधडी अंथरली आणि लेकीला निजवलं, भिंतीकडे थोडी जागा सोडून.