यूफानने स्वतःच ठोकलेला खिळा

आमचा यूफान एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि अजून छत्री कुठे ना कुठे विसरून येतो. माझा धाकटा भाऊ. शिन्चू शहरात आमच्याच घरी वरच्या खोलीत राहतो, विद्यापीठात हंगामी संशोधक आहे. स्फटिकातल्या विद्युतकणांच्या किती तऱ्हेच्या अवस्था असू शकतात, हे तो कागदावर शोधतो. एक अवस्था मध्ये कुठेही न तुटता हळूहळू दुसरीत बदलता आली तर दोन्ही एकच धरायच्या, नाही आली तर वेगळ्या. एवढं मला इतक्या वर्षांत समजलं आहे.

यंदा त्याला काही नव्या अवस्था सापडल्या. त्यांवर त्यानं शोधनिबंध लिहिला, आणि त्याच निबंधावर त्याला विद्यापीठात कायमची जागा मिळणार होती. त्यासाठी गुरुवारी निवड समितीपुढे बोलायचं होतं. मी देवी क्वानयिनपुढे रोज पपनस ठेवत होते.

बुधवारी सकाळी गच्चीत कपडे वाळत घालत होते, तर हा अनवाणीच वर आला.

"ताई, चुकलं."

"काय हरवलंस आता?"

"निबंधच चुकला गं."

माझे ओले कपडे बाजूला टाकून त्यानं दोरी सोडली. भिंतीतल्या खिळ्यापासून निघून डाव्या खांबाला वेढा, मग उजव्या खांबाला, आणि परत खिळ्यावर गाठ. "ही एक. आधी उजवा, मग डावा, ही दुसरी. खिळ्याशी बांधलेली आहे तोवर पहिलीची दुसरी होत नाही. म्हणून मी दोन मोजल्या. पण दोरीची टोकं एकमेकांना बांधून खिळ्यावरून सोडली, की सरकत सरकत एकीची दुसरी होते! स्फटिकात खिळा नसतोच. हिशेब सोपा जावा म्हणून आम्ही सगळेच ठोकतो. मी तो काढायला विसरलो."

"कुणाच्या लक्षात आलंय?"

"निबंध तपासणाऱ्यांच्याही नाही."

"मग उद्याचा दिवस जाऊ दे की. हवं तर देवीला कौल लावते."

"लाव. पण ती हो म्हणाली तरी मला आता कळलंय, त्याचं काय करू?"

मी कौल लावला नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्याचे प्रमुख लिआओ सर स्वतःच त्याला घेऊन घरी आले. "ताई, तुमच्या भावानं आम्हाला प्रश्नच विचारू दिले नाहीत. उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात स्वतःचा निबंध पाडला."

"आणि जागा?"

"कायमची नाही मिळाली. एका वर्षाची मुदतवाढ दिली आहे."

मी यूफानकडे पाहिलं. तो शेवयांची दुसरी वाटी संपवत होता.

"हसतोस काय मेल्या?"

"सगळ्या नाही बुडाल्या गं. एक अवस्था उरतेय. सरांनाही पटलंय."

"पटलंय असं मी म्हटलं नाही," सर म्हणाले. "तपासू म्हटलं."

झालं, दोघं तिथेच भांडायला लागले. त्यांच्या कोपरांजवळचं सूपचं भांडं मी उचललं आणि उदबत्ती लावायला गेले. देवीशी भांडायचं मनात होतं. पण समोर उभी राहिले आणि उदबत्ती तेवढी लावली. नमस्कार केला, आणि परत येऊन सरांसाठी आणखी एक वाटी वाढली.