साहेबांना पाजलेलं आरोग्य-पेय

चहा घ्या आधी. घ्या हो, घाबरू नका! बाजारातल्या पत्तीचा आहे आणि बायकोने केलेला आहे. आमच्या घरी मला चहा करायची बंदी आहे. का म्हणता? सांगतो, पण कप खाली ठेवून ऐका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

तेव्हा मी नागपूरजवळ हिंगण्याच्या पलीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. गावाबाहेर आमची चार एकर जमीन, थोडी संत्र्याची झाडं, एक विहीर, दोन बैल आणि एक म्हैस. शेतातच घर बांधलं होतं. शाळा सुटली की मी शेतकरी!

विहिरीच्या पाटाशी गवती चहा माजला होता. माझी बायको सुमती त्याची चार पाती खुडायची, आल्याचा तुकडा ठेचायची, गुळाचा खडा टाकायची आणि उकळून द्यायची. संध्याकाळी विहिरीच्या ओट्यावर बसून तो चहा प्यायचा. अहाहा! नागपूरहून पाहुणे यायचे ते दोन-दोन कप रिचवून जायचे.

आता माणसाने इथे थांबावं की नाही? पण मास्तराची जात! सोपं दिसलं की अवघड करून शिकवायचं.

मी त्यात तुळस घातली. मग पुदिना. मग संत्र्याची वाळलेली साल, सुंठ, मिरी, ज्येष्ठमध. इथवरही ठीक होतं. मग कोणीतरी म्हणालं, अडुळसा खोकल्याला चांगला. घातला अडुळसा. गुळवेल तापाला चांगली. घातली गुळवेल. सगळं सावलीत वाळवायचं, उखळात कुटायचं आणि डब्यात भरायचं. गूळ मात्र बंद केला. का? तर गुळाने औषधाचा गुण जातो. हा शोध माझाच.

"अजी, हा चहा हाय का काढा?" सुमती विचारायची.

"याले आरोग्य-पेय म्हणतात."

"म्हनतात तं म्हनू द्या. पेते कोन?"

पीत होतो मी. एकटा. तोंड वाकडं न करता, कारण ती बघत असायची.

त्याच उखळात सुमती दुसरं एक चूर्ण कुटायची, डोकं धुवायचं. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा आणि वासाला तीच आमची संत्र्याची साल. तिचे केस गुडघ्यापर्यंत. सारं गाव म्हणायचं, केस असावे तर मास्तरीणबाईचे! ते चूर्णही माझ्या चहासारखंच मातकट, भरड. दोन्ही वनस्पती तुपाच्या सारख्या डब्यांत भरलेली.

म्हटलं, घोटाळा नको व्हायला. मास्तर आहोत, चिठ्ठ्या लावू. बोरू काढला, काळी शाई काढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'आरोग्य-पेय' आणि 'केश-चूर्ण'. मागे कणकेची खळ लावली आणि चिकटवल्या. कुठे? झाकणांवर! डबा गोल, अक्षर वाकडं दिसतं. झाकण कसं सपाट. मग दोन्ही डबे उघडले, कौतुकाने वास घेतला, परत झाकणं लावली आणि फळीवर ठेवले. अक्षर इतकं सुरेख की दोन पावलं मागे सरकून पाहत राहिलो.

आता मुख्य गोष्ट. विहिरीवर मोटरपंपासाठी मी विजेचा अर्ज केला होता. कोराडीला एवढी वीज तयार होत होती, आणि आमच्या विहिरीवर अजून बैलांची मोट! उन्हं तापायला लागली होती, पाणी पुरत नव्हतं, झाडांची पानं वळत होती. दोन वर्षं अर्ज इकडून तिकडे फिरत होता. शेवटी, चिठ्ठ्या लावल्या त्याच संध्याकाळी निरोप आला की उद्या रविवारी इंजिनीअर साहेब स्वतः जागा बघायला येणार.

सकाळी मी सुमतीला सांगितलं, "साहेबाले चहा मी करतो. तू चुलीपाशी यायचं नाही."

"अजी, गवती चहा देऊ ना. गूळ टाकून. सायेब खूश होईल."

"ते गावठी झालं. साहेब शिकलेले आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं. मंग मी डोकं धुऊन घेतो," म्हणाली आणि 'केश-चूर्ण' लिहिलेला डबा उचलून न्हाणीत गेली.

दहाला जीप आली. साहेब उंच, धिप्पाड, आणि मिशी काय वर्णावी! अशी झुपकेदार, की साहेब आधी येतात का मिशी, कळू नये. सोबत टेप घेतलेला वासुदेव लाइनमन. दोघांनी गावच्या शेवटच्या खांबापासून विहिरीपर्यंत मोजलं. साहेबांनी मान हलवली.

"चार पोल लागतील, मास्तर. मुश्किल आहे. पुढच्या साली बघू."

पुढच्या साली! तोवर माझी झाडं सरपणाला जातील हो! पण म्हटलं, धीर सोडायचा नाही. माणूस एकदा चहाला बसला की विरघळतो.

"साहेब, दोन मिनिटं बसा. आमचं घरचं आरोग्य-पेय घेतल्याशिवाय जायचं नाही."

बाजेवर सतरंजी टाकली. चुलीवर पातेलं ठेवलं. 'आरोग्य-पेय'चा डबा उघडला आणि साहेब म्हणजे मोठं माणूस, म्हणून तीन चमचे जास्तच टाकले.

उकळी आली आणि फेस चढायला लागला. चढतोय, चढतोय, थांबायचं नाव नाही! पातेल्यातून उतू गेला, अर्धी चूल विझली. दुसरा कोणी असता तर थबकला असता. मी काय म्हणालो? वा! आज काय गुण उतरलाय!

कपांत ओतलं तर वर बोटभर पांढरा फेस. साहेब खूश.

"मलई टाकली का?"

"नाही साहेब! दुधाचा थेंब नाही. ही वनस्पतीची साय आहे."

बोलता बोलता हे तोंडातून निघून गेलं. आता माघार कशी घ्यायची?

वासुदेवाने फुकटचा चहा म्हणून अर्धा कप एका दमात ओढला आणि डोळे गरगर फिरवले. साहेबांनी मोठा घोट घेतला आणि तो तोंडातच ठेवला. गिळवेना, थुंकवेना. मी समोर उभा राहून व्याख्यान देतोय! शेवटी बिचाऱ्यांनी डोळे मिटून गिळला.

मीही घोट घेतला. जीभ म्हणाली, मास्तर, काहीतरी चुकलंय! पण मनात म्हटलं, अडुळसा जास्त झाला असेल. दोन वर्षं कडू पिऊन जिभेवरचा विश्वास उडाला होता ना.

"मास्तर," साहेब घसा खाकरत म्हणाले, "गळ्यात खाजवून राहिलं आहे."

"कफ सुटून राहिला, साहेब!"

"पण मला कफ नव्हता."

"आत लपलेला असतो."

"कडक हाय, मास्तर," वासुदेव म्हणाला. तो 'हाय' म्हणाला ना, तेव्हा त्याच्या ओठावर एक फुगा आला, थरथरला आणि फट्कन फुटला. आम्ही तिघांनी तो पाहिला.

साहेबांच्या मिशीला फेस लागला होता. पुसायला गेले तर वाढला! न्हाव्याच्या खुर्चीत अर्धवट दाढी सोडून आल्यासारखे दिसत होते. आणि मी? मी म्हणत होतो, "अजून अर्धा कप घ्या साहेब, दुसऱ्या कपाला खरी चव कळते."

तेवढ्यात न्हाणीतून आरोळी आली.

"अजी! धावा हो! माह्या डोळ्यात आग पडून राहिली!"

सुमती तशीच बाहेर आली. डोक्याला पंचा गुंडाळलेला, डोळे लालभडक, कपाळावर गवती चहाच्या काड्या चिकटलेल्या.

"हे कायची शिकेकाई? इच्यात मिरी हाय, सुंठ हाय! फेस तं येऊनच नाई राहिला!"

वासुदेवाने हळूच कप खाली ठेवला.

"मंग बाई, आमी काय पेलो?"

सुमतीने अर्धवट उघड्या डोळ्यांनी कपात पाहिलं. साहेबांच्या मिशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अगं माय वं! पाव्हण्याले रिठा पाजला!"

साहेब उडी मारून विहिरीकडे पळाले. चूळ भरली, तर फेस दुप्पट! दुसरी भरली, तर चौपट! रिठ्याला पाणीच तर पाहिजे असतं! वासुदेव स्वतः फुगे सोडत दोराने बादल्या ओढतोय, साहेब हाताने 'आणखी, आणखी' म्हणून खुणा करतायत. विहीर खोल, बादली गळकी. मी ओट्याला धरून उभा. वास घेऊन परत लावताना झाकणांची अदलाबदल झाली, हे आता कळत होतं. डोळ्यांसमोर माझे चार पोल एकेक करून आडवे पडत होते.

सातव्या बादलीला वासुदेव खाली बसला. धापा टाकत म्हणाला, "सायेब, इथं मोटर असती ना, तं कवाच तोंड धुऊन झालं असतं."

साहेब थांबले. वासुदेवाकडे पाहिलं, विहिरीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस मला विहिरीत ढकलणार. आणि ते हसायला लागले! असे हसले की ओट्यावरच बसले. हसता हसताही एक फुगा निघालाच.

"मास्तर, या विहिरीला मोटर पाहिजे हे आता पटलं," असं म्हणून त्यांनी कागद मागवला. गुडघ्यावर ठेवून शेरा लिहिला, खाली सही ठोकली. चार पोल मंजूर!

मला काय करू आणि काय नको असं झालं. माझ्या हातून अपमान झाला होता, आता माझ्याच हातून भरपाई व्हायला पाहिजे. सुमती "नका, नका" म्हणून खुणा करत होती, पण ऐकतो कोण? धावत आत गेलो. न्हाणीतून दुसरा डबा आणला. चूल पेटवली आणि खरं, अस्सल, माझं आरोग्य-पेय उकळलं. तुळस, अडुळसा, गुळवेल, सगळं जिथल्या तिथे. फेसाचा टिपूस नाही.

दोन्ही हातांनी कप पुढे केला. "साहेब, हे खरं. हे घ्या."

साहेबांनी विश्वासाने घोट घेतला. मग कप हळूच बाजेवर ठेवला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि अगदी मायेने म्हणाले,

"मास्तर, लाइन देतो म्हटलं ना, देतो. पण हे नको. त्यापेक्षा तो पहिलावालाच आणा."