हाळी

तळहातावर मावेल असा कमी ताकदीचा हौशी रेडिओ संच मी स्वतः डाग देऊन जोडला. आमच्या घरातली पहिली बीएस्सी मी, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. संचावर लांबलांबच्या लोकांची मोर्सची टिकटिक ऐकू येत होती, पण माझी हाळी काही बाहेर जाईना. मीटरवर बॅटरी तर भरलेली दिसायची. सगळे डाग पुन्हा तपासले. शेवटी संदेश पाठवायची कळ दाबून धरली आणि मीटरकडे पाहिलं. काटा झपकन खाली. कळ सोडली की पुन्हा वर. बॅटरीत ऐकण्यापुरता जीव होता, बोलण्यापुरता नव्हता. रिकामं बसलेलं काहीही भरलेलंच दिसतं. खरं काय ते काम पडल्यावर कळतं.

शेजारी खाटेवरून अण्णा, माझे वडील, बघत होते. बाजार समितीत कांद्याच्या लिलावाची हाळी तेच द्यायचे. पक्षाघातानंतर त्यांना सगळं कळतं, बोलता मात्र येत नाही. भेटायला येणारे म्हणतात, "अण्णा, ठणठणीत दिसताय की!" अण्णा हसतात, उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि त्यांचा चेहरा पडतो.

"एवढी शिकलीस ना, मग बदल की बॅटरी," आई म्हणाली.

बदलली. हाळी गेली, आणि कुणा अनोळखी माणसाचं उत्तरही आलं. मी आनंदाने वळले. अण्णांनी डाव्या हाताने आधी नवी बॅटरी दाखवली, मग स्वतःचा गळा, आणि माझ्याकडे बघत भुवया उंचावल्या.

तो अनोळखी माणूस तेवढा टिकटिकत राहिला.