शकूचा रिपीट

शकूला रेडिओवरून काढलं त्याला वर्ष होऊन गेलं, आणि शकू अजून रेडिओवर बोलते. सकाळी बोलते, दुपारी बोलते, खळखळून हसते. ऐकणाऱ्याला वाटतं बाई आत्ता तिथे खुर्चीत बसलीय. बाई असते माझ्या दुकानात, माझ्यासमोर, ब्लाउजला हुक लावत. मी कुंदा. कांजूरमार्गला पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं शिवणाचं दुकान आहे, आणि शकू लग्न होऊन इथे आली तेव्हापासून माझी शेजारीण आहे. मला राग आला की माझ्या तोंडात मालवणी येते. आज येणार, आधीच सांगून ठेवते.

एका संस्थेने आमच्या भागासाठी छोटं रेडिओ केंद्र काढलं. वस्तीतल्या लोकांनी वस्तीतल्या लोकांसाठी बोलायचं, असं म्हणे. आवाज शोधायला त्यांची माणसं आली ती सकाळी पाण्याच्या वेळेला, आणि तेव्हा शकू नळावर दोन बायकांचं भांडण सोडवत होती. भांडण सुटलं, वर त्या दोघी हसायला लागल्या. झालं, तिथेच तिला उचललं. "नळावरच्या गप्पा" असा तिचा कार्यक्रम सुरू झाला आणि महिन्याभरात आमची शकू सगळ्यांची शकुताई झाली. रतन, तिचा नवरा, रिक्षात बसलेल्या पॅसेंजरला सांगायचा, ही बोलतेय ना, ही आमची मंडळी.

केंद्राच्या मुख्य गार्गी मॅडम. चांगल्या शिकलेल्या, गोड बोलायच्या. त्यांनी शकूला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवल्या. एक, सुरुवातीला "जय भीम" नको, "नमस्कार" पुरे, रेडिओ सगळ्यांचा आहे. ते शकूने गिळलं. दुसरी, बोलताना तारीख घ्यायची नाही, वार घ्यायचा नाही, सणाचं नाव घ्यायचं नाही. "आज" म्हणायचं, "आत्ता" म्हणायचं. म्हणजे कार्यक्रम कधीही परत लावता येतो. त्याला ते रिपीट म्हणतात. दिवसभर बोलायला माणसं कुठून आणणार, रिपीटवरच केंद्र चालतं.

शकूने हा नियम असा पाळला की विचारू नका. माझी मुलाखत घेत होती तेव्हा मी सहज म्हटलं, गणपती तोंडावर आलेत, मान वर करायला फुरसत नाही. तिने खाटकन रेकॉर्डिंगचं मशीन बंद केलं. "कुंदे, सण नको! परत बोल." मी म्हटलं, अगं बये, मग लोकांना कळणार कसं मला कसली घाई आहे? "नाही कळलं तरी चालेल," म्हणाली. एवढा अभिमान होता तिला, की तिचा एकही कार्यक्रम शिळा होत नाही.

मागे एकदा आमच्याकडे पाणी खराब यायचं. ओरडून ओरडून शेवटी नवा पाइप पडला, पाणी नितळ झालं, आणि शकूने त्यावर झकास कार्यक्रम केला. नळ सोडल्याचा आवाज, पेला भरल्याचा आवाज, आणि मग ही म्हणते, "आजपासून आपलं पाणी एकदम साफ बरं का! उकळायचा गॅस वाचवा आणि बिनधास्त प्या." तेव्हा ते खरं होतं. आम्ही सगळ्यांनी बिनधास्त प्यायलं.

मग एका कार्यक्रमात तिने विचारलं की तीच गल्ली परत परत कोण खोदतं आणि का, आणि एका पुढाऱ्याचं नाव घेतलं. गार्गी मॅडमनी बोलावून चहा पाजला. "शकुताई, आपण लोकांना जोडतो, भांडत नाही. आता जरा नव्या मुलांना संधी देऊया." शिरा पडो त्या संधीर! खुर्ची गेली. पण शकूचे जुने कार्यक्रम लोकांना आवडायचे, ते कशाला सोडतील? ते चालूच राहिले.

लोक तक्रारी घेऊन तिच्या दारात यायचे. ती म्हणायची, मला काढलंय रे बाबांनो. "काय ताई, सकाळीच तर ऐकलं तुम्हाला!" आधी तिला हसू यायचं. मग ती गल्लीत मान खाली घालून चालायला लागली.

ह्या उन्हाळ्यात परत खोदकाम झालं आणि पाण्याला गटाराचा वास यायला लागला. शकू दारोदार फिरली. उकळून प्या गं, लहान मुलांना तर अजिबात तसं देऊ नका. तिचा जीव जास्त अडकला होता तो तेजलमध्ये. तेजल तिची सून, चैतन्यची बायको. पहिलटकरीण, सातवा सरून आठवा लागलेला, आणि बाळंतपणाला माहेरी गेलेली. माहेर म्हणजे मागचीच गल्ली, तोच पाइप. शकू मला घेऊन तिथे गेली.

आता सुनेच्या माहेरी जाऊन त्यांच्या पाण्याला नाव ठेवायचं, हे काय सोपं काम आहे? विहीण म्हणजे सुलक्षणा, स्वभावाने तिखट, घर आरशासारखं ठेवणारी. शकूने हात जोडून सांगितलं, "ताई, पाणी उकळूनच द्या तेजलला. वास येतोय."

सुलक्षणा भडकली. "माझ्या घरच्या पाण्याला वास येतो? विहीणबाई, आत्ता तासाभरापूर्वी रेडिओवर तुम्हीच सांगितलंत, आजपासून पाणी साफ, बिनधास्त प्या. जगाला एक सांगता आणि माझ्या दारात येऊन माझी खोट काढता?"

"अहो, ते जुनं आहे! कधीचं आहे ते!"

"आज म्हणालात तुम्ही. मी माझ्या कानाने ऐकलं."

तेजल आतून बाहेर येत म्हणाली, "आई, मी पण ऐकलं. तुम्ही हसत होता." आणि तिने आमच्यासमोर नळाच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आईची बाजू घ्यायची म्हणून लावला, मला तर तसंच वाटलं. शकूने तांब्या धरायला हात पुढे केला आणि सुलक्षणाने तो बाजूला सारला.

शकूने दुकानातून केंद्राला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली मॅडम मीटिंगमध्ये आहेत, आणि कुठला कार्यक्रम कधी लावायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. शकू म्हणाली, अगं बाळा, कॉम्प्युटर पाणी पितो का? त्या मुलीने फोन ठेवून दिला.

महिना भरायच्या आत तेजलला कावीळ झाली. पोटुशी बाईला कावीळ म्हणजे काय, ते आम्हाला हॉस्पिटलात कळलं. तेजल वाचली. बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. चैतन्य व्हरांड्यात उभा होता आणि शकू त्याच्याजवळ गेली तर तो म्हणाला, "आई, तू एकदा नाही, रोज रोज सांगत होतीस गं, बिनधास्त प्या म्हणून." पोटच्या पोराने! जो हिच्या हातचं उकळलेलं पाणी बाटलीत भरून कामाला जायचा, त्याने!

मी शकूला ओढत केंद्रावर घेऊन गेले. गार्गी मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं, नाही असं नाही. पण बोलल्या काय? "शकुताई, त्यात तारीखच नाही. आम्हाला कसं कळणार ते कधीचं आहे?"

आवशीचो घोव तुझ्या! मी हे मोठ्याने बोलले. मॅडमना कळलं नाही, पण सूर कळला असावा. तारीख न घेण्याच्या तिच्याच शहाणपणाने शकूचं तोंड बंद केलं होतं.

मॅडम म्हणाल्या, तुम्हीच आज नवं रेकॉर्डिंग करा, लोक तुमचं ऐकतात. शकू खुर्चीत बसली. मी काचेबाहेर उभी होते, आत बोललेलं बाहेरच्या स्पीकरवर ऐकू येत होतं. ती म्हणाली, "जय भीम. नमस्कार. मी शकू." मग तारीख सांगितली. वार सांगितला. महिना, साल, सगळं. मग म्हणाली, "मला इथून काढलंय, तुम्ही ऐकता ते जुनं आहे. ते ऐकून माझ्या सुनेने पाणी प्यायलं आणि आमचं बाळ गेलं. तेजल, बाळा, मला माफ कर. आणि तुम्ही सगळे पाणी उकळून प्या." एकदाही अडखळली नाही. बाहेर आल्यावर माझा हात धरून जिना उतरली, आणि पहिल्यांदा रडली.

घरी येऊन तिने तेजलच्या उशाशी रेडिओ ठेवला. हॉस्पिटलातून तिला हिच्याकडेच आणलं होतं. शकू म्हणाली, "ऐक हं. तुझ्यासाठी बोललेय." सुलक्षणाही बसली होती, चैतन्य होता.

लागलं. "नमस्कार. मी शकू. तुम्ही सगळे पाणी उकळून प्या." आणि मागून संस्थेचं संगीत. संपलं.

मी रेडिओकडे बघतच राहिले. ह्यांचे हात झडोत! बाळ कापलं, तारीख कापली, जय भीम कापलं. आता हे कधीही लावता येईल.

तेजलने रेडिओ बंद केला. "एवढंच?" म्हणाली. "आई, त्याच्याबद्दल एक शब्दसुद्धा नाही?"

"बोलले गं मी. सगळं बोलले. कुंदाला विचार."

मी सांगितलं. गळ्यावर हात ठेवून सांगितलं, ही बोलली, माझ्यासमोर बोलली. तेजलने माझ्याकडे बघितलं, मग बंद रेडिओकडे बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.