रोज लाल पेल्याखाली

मावशीने तेरा वर्षं बल्बच्या कारखान्यात पॅकिंग केलं. कारखाना बंद पडला, तशी ती या बालवर्गात मदतनीस म्हणून आली. इथेही काम हलक्या हातानेच करायचं. फक्त बल्ब चावत नसत.

पाच वर्षांची भिंगरी चावायची, ढकलायची, हाताला लागेल ते भिरकावायची आणि सांगितलेलं मिनिटभरात विसरायची. म्हणून मुलांची तपासणी करणाऱ्या मॅडमनी तिला एक खेळ नेमून दिला होता. तीन रंगांचे तीन पेले पालथे घालायचे, तिच्यासमोर एकाखाली मणी ठेवायचा, घंटी वाजेपर्यंत तिने थांबायचं, मग शोधायचा. महिन्याने मॅडम तपासायला येणार होत्या. जमलं तर भिंगरी याच वर्गात. नाहीतर नदीपलीकडच्या वेगळ्या शाळेत.

दुपारी बाकीची पोरं चटयांवर निजत. पडद्यातून गाळून आलेला उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलायचा आणि त्या पेंगुळल्या खोलीत दोघी खेळायला बसत. पहिल्या दिवशी चुकल्याबरोबर भिंगरीने पेले उडवले, सगळी खोली जागी झाली. मग मावशीने युक्ती काढली. मणी रोज लाल पेल्याखालीच. भिंगरी जिंकायची, पोरं झोपायची.

महिना संपला. तपासायला आलेल्या मॅडमनी मणी निळ्याखाली ठेवला.

घंटी वाजली. भिंगरीने लाल पेला उचलला. खाली काहीच नव्हतं. विहिरीत डोकावावं तशी ती रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग पेल्यासकट हात वर गेला. मावशीने डोळे मिटले. आवाज आला नाही. उघडले, तर पेला जागेवर पालथा आणि त्यावर भिंगरीचे दोन्ही तळवे घट्ट दाबलेले.

मॅडम लिहायला लागल्या, "लक्षात राहत नाही."

"थांबा मॅडम, चूक माझी आहे." मावशीने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे महिनाभर हिच्या डोक्याला सुट्टी दिलीत!"

"पोरं झोपावीत म्हणून हो."

"आणि पेला फेकला नाही, ते कुणी शिकवलं?"

"ते काय माहीत. घंटीसाठी थांबायची रोज, तेवढंच."

मॅडमनी लिहिलेलं खोडलं. "अजून एक महिना देते. मणी रोज वेगळीकडे. पेले उडतील, सांगून ठेवते."

"उडू देत."

"मावशी, मणी कुठाय?" भिंगरीने विचारलं.

"शोध की."

तिने पिवळा उचलला. रिकामा. या वेळी मात्र पेला भिंतीवर आपटला आणि चटयांवर तीन पोरं उठून बसली.